साहेब आर्ट्स म्हणजे पाणी

साहेबराव पेंटर शिरूरचा आणि मी दौंडचा. आमची ओळख रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली. मी तिथं कारकून होतो आणि तो 'येथे थुंकू नये' लिहायला आला होता. मोठ्या साहेबांनी त्याला एक पाटी सांगितली होती. त्यानं तीन लिहिल्या. पहिलीवर त्याची सही नीट बसली नाही, आणि दुसरी वाळायच्या आत कुणीतरी तिच्यावर थुंकलं. तिसरी अजून आहे.

त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मला लिहायची सवय नाही, आणि झालं ते सांगितलं तर लोकांना थट्टा वाटेल अशी भीतीही होती. पण झालं ते असंच झालं.

शिरूर ते दौंड रस्त्यावर जे जे हातानं लिहिलेलं आहे, त्यातलं निम्मं साहेबरावाचं. पिठाच्या गिरण्या, केशकर्तनालयं, रसवंत्या, वकिलांच्या पाट्या, टेम्पोचे मागचे फाळके. निवडणुकीत एकाच भिंतीची एक बाजू एका पक्षाची आणि दुसरी दुसऱ्या पक्षाची, दोन्ही त्याच्याच हातच्या. आणि सगळ्यांच्या खालच्या कोपऱ्यात 'साहेब आर्ट्स, शिरूर'. 'सा'चा काना खाली ओढून त्याला मिरचीसारखं वळण दिलेलं. एकदा एका समाधीवर मयताच्या नावापेक्षा ह्याची सही ठळक आली. घरच्यांनी हरकत घेतली, तेव्हा म्हणाला, "ते गेले. मला अजून धंदा करायचाय."

पुढे फ्लेक्स आले आणि धंदा गेला. मग तो विजेच्या खांबांवर नंबर घालू लागला. खांबांवरही सही करायचा. वीज खात्यानं त्याला तोंडी समज दिली.

त्याच्या घरात पाच माणसं. तो, बायको चांगुणाबाई, मुलगा सम्राट, सून रश्मी आणि नात ऋतिका. सम्राट सणसवाडीला एका गोडाऊनवर कामाला, आठवड्यातले सहा दिवस तिकडेच खोली करून राहतो. रश्मी कारेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला. ऋतिका सहा वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर बघायची नाही, आणि दार उघडं दिसलं की निघायची. पुण्याला नेलं, तपासण्या झाल्या, कागदावर 'ऑटिझम' असं लिहून आलं.

"त्याला मराठीत काय म्हंत्यात?" चांगुणाबाईंनी सुनेला विचारलं.

"स्वमग्न."

"म्हंजी?"

"आपल्याच नादात असतं ते."

चांगुणाबाईंनी ओट्यावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "मंग ह्यांचा बी कागुद करून आणायचा की."

प्रश्न होता शाळेचा. चांगुणाबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना पोरीमागं पळवत नव्हतं. जूनमध्ये ऋतिका शाळेत गेली तर रश्मीची नोकरी राहणार होती, नाहीतर तिला घरी बसावं लागणार होतं. सुपरवायझरनं जूनपर्यंत सांभाळून घेतो म्हणून सांगितलं होतं, त्यापुढं नाही. वस्तीतल्या शाळेचे हेडमास्तर शंकरराव माणूस सरळ होता.

"नियमानं मला न्हाई म्हणता येत न्हाई, आन् मी म्हणतबी न्हाई," ते म्हणाले. "पण शाळेत आम्ही दोघं मास्तर आन् साठ पोरं. उन्हाच्या टायमाला हिला तहान लागली तर मला कळायचं कसं? एवढं एक करा. पाणी पाहिजे हे तिनं परक्या माणसाला आपणहून सांगितलं पाहिजे. कसंबी सांगू दे. शाळा उघडायच्या आधीच्या शुक्रवारी घेऊन या, मी बघतो."

म्हणजे सगळं एका पेलाभर पाण्यावर आलं. जानेवारी चालू होता.

दौंडला रेल्वे कॉलनीजवळ एका हॉलमध्ये दर मंगळवारी भाग्यश्री मॅडम येत. पुण्याहून डेमू लोकलनं यायच्या, खांद्याला त्यांच्याएवढीच पिशवी. अशा मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना त्या शिकवत. साहेबराव, रश्मी सुट्टी मिळाली तर, आणि ऋतिका अशी एसटीनं यायची. साहेबराव वाटेत मला घ्यायचा, बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून. माझ्याबद्दलचा त्याचा हा गैरसमज जुना आहे.

पहिल्या मंगळवारी मॅडम फॉर्म भरत होत्या.

"मूल नजरेला नजर देतं का?"

साहेबराव भिंतीकडे बघत होता. रश्मी सासऱ्यासमोर म्हणून खाली बघत होती. मी पंख्याकडे. ऋतिका खिडकीच्या गजाकडे. मॅडमनी आम्हाला चौघांना एकदा बघून घेतलं.

"तुमच्या घरात नजरेला नजर कोण देतं?"

साहेबरावानं बराच विचार केला. "शेजारचा बोकड," तो म्हणाला.

मॅडमनी तो प्रश्न खोडला. "हे राहू दे. बघण्यानं तिला त्रास होत असेल तर कशाला? आपल्याला तिनं मागायला पाहिजे."

मग त्यांनी चित्रांची कार्डं काढली. मुलानं कार्ड आपल्या हातात द्यायचं आणि आपण ती वस्तू लगेच द्यायची. कार्डं बाहेरून कुठून तरी छापून आलेली होती. एकावर बर्फाचा माणूस, गळ्यात मफलर. एकावर पाव भाजायचं यंत्र. साहेबराव ते हातात घेऊन म्हणाला, "इस्त्री दिसतीय." पाण्याच्या कार्डावर चकचकीत नळ आणि त्यातून मनगटाएवढी धार. शिरूरला त्यांच्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे, करंगळीएवढं. ऋतिकानं कार्डाचा कोपरा चावून पाहिला आणि खाली ठेवलं.

मॅडमनी कार्डं गोळा केली. "ही आपल्या कामाची नाहीत. तुम्ही घरी पाणी कशातनं घेता?"

"माठातनं."

"मग माठ काढा. तुमच्याच घरातला."

"काढा म्हंजी, मी?"

"तुम्ही पेंटर ना?"

परतीच्या एसटीत जागा असूनही साहेबराव शिरूरपर्यंत उभा राहिला, असं रश्मीनं मला नंतर सांगितलं. किती तरी महिन्यांनी त्याला ऑर्डर मिळाली होती.

मॅडमनी तळहाताएवढं कार्ड सांगितलं होतं. साहेबरावानं पत्र्याची दीड फुटी पाटी केली, कारण त्याचा हात त्याच्या खाली उतरत नाही. तिच्यावर माठ, माठावर उजेडाची चकाकी, 'पाणी' ही अक्षरं तीन रंगांच्या सावलीत, आणि खाली सवयीनं 'शुद्ध व थंड'. दुसरी पाटी 'भाकरी – उत्तम व घरगुती'. तिसरी 'बाहेर', त्याच्यापुढं बाण आणि '० कि.मी.' तिन्हींवर कोपऱ्यात सही.

मॅडमनी एकेक पाटी दोन्ही हातांनी उचलून बघितली. मग म्हणाल्या, "एक आहे, हरवणार नाहीत."

सुरुवातीला कुणीतरी मागं बसून मुलाचा हात धरायचा आणि पाटी समोरच्याकडे द्यायला लावायची. हे काम साहेबरावानं घेतलं. समोर चांगुणाबाई पेला घेऊन. पाटी आली की 'पाणी' म्हणायचं आणि पाणी द्यायचं. लगेच. प्रश्न विचारायचा नाही, अट घालायची नाही. चांगुणाबाईंना हे फार जड गेलं. आधी हात धू, पालथी मांडी घाल, उभ्यानं पिऊ नको, यातलं एकही न म्हणता त्यांनी आयुष्यात कुणाला पाणी दिलेलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात ऋतिकानं एकटीनं पाटी ओढत आणून चांगुणाबाईंच्या पायांशी ठेवली. चांगुणाबाईंनी पाणी दिलं आणि त्या रडायला लागल्या. ते ऐकून शेजारची धुरपदा आली. मला पण बघू दे म्हणून तिनं एक पेला दिला. मग तिची जाऊ आली. कुणी तांब्या घेऊन आलं, कुणी सरबत करून आणलं. दुपारपर्यंत बारा जणींनी पाणी पाजलं होतं. त्या दिवशी घरातली सगळी अंथरुणं धुवावी लागली.

मंगळवारी साहेबराव माझ्या घरी आला तो गप्प. म्हणजे नेहमीपेक्षा गप्प.

"काय झालं?"

"आप्पा, ती भाकरीची पाटी आणती आन् पाणी मागती. भाकरी दिली तर ढकलती, पाणी दिलं की पिती."

"असं कसं?"

"बाहेरची पाटी आणली म्हणून बाहेर नेली. तर उंबऱ्यावर बसून पाणी मागती."

मॅडमनी ऋतिकाला पाट्या देऊन नुसतं बघितलं. मग साहेबरावाला जवळ बोलावलं. "तिचं बोट कुठं आहे बघा."

बोट सहीवर होतं. कुठलीही पाटी द्या, बोट सहीवर. माठाकडे नाही, अक्षरांकडे नाही.

"तुम्ही तिचा हात धरून शिकवत होतात, तेव्हा तिचं बोट कुठं ठेवत होतात?"

साहेबरावानं आपला उजवा हात वर करून बघितला. "गिऱ्हाइकाला पाटी देताना मी तिथंच दावतो," तो म्हणाला. "हे आपलं नाव, म्हणून. चाळीस वर्षं. हात आपसूक गेला आसंल."

मॅडमना हसू येत होतं, पण त्यांनी ते आवरलं. बिनसहीच्या पाट्या करून आणा म्हणाल्या. साहेबरावानं केल्या. चित्रं एका दिवसात झाली. मोकळा कोपरा मोकळा ठेवायला दोन दिवस लागले, असं चांगुणाबाई सांगत होत्या. ऋतिकानं त्या पाट्या घेतल्या, उलट्या करून मागं बघितलं, परत सरळ केल्या, आणि भिंतीला लावून ठेवून दिल्या. पुढचे आठ दिवस तिनं काही मागितलं नाही. माठाजवळ उभी राहून रडायची, पाटीला हात लावायची नाही. रश्मी कामावरून येऊन पोरीशेजारी बसून राहायची. तिनं मला विचारलं, "आप्पा, कंपनीत आत्ताच सांगून टाकू का? नंतर सांगून त्यांची तरी अडचण नको."

मंगळवारी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "तिनं एक खूण धरली होती आणि आपण तीच पुसली. तिच्यासाठी सही म्हणजे पाणी. मग पाणीच राहू दे. पाण्याला सही ठेवा, बाकीच्या पाट्यांवर घालू नका."

साहेबरावानं तळहाताएवढा पत्रा घेतला आणि त्याच्यावर नुसती सही काढली. एवढी लहान पाटी त्यानं पहिल्यांदाच केली. आता एकच अडचण उरली. पाणी देताना पाटीवर आहे ते मोठ्यानं म्हणायचं, असं मॅडमनी शिकवलेलं.

"ते मी म्हणायची न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं नाव घेतलं न्हाई, आता पाण्यापायी घेऊ?"

तेव्हा पाटीवर साहेब आणि तोंडानं पाणी असं ठरलं. ऋतिकाची काही हरकत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं पत्रा चांगुणाबाईंच्या हातात दिला.

इथवर घरातलं होतं. एप्रिलमध्ये ते बाजारपेठेत गेलं. साहेबराव तिला घेऊन चालला होता. ती हात सोडवून धावली आणि पोपटच्या सलूनच्या पाटीपाशी जाऊन थांबली. पाटी जुनी, दाराशेजारी खालीच लावलेली. तिनं कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिली.

"पोपट, पाणी दे," साहेबराव म्हणाला.

"देतो की. एवढी दाढी–"

"आधी पाणी. लगीच."

"अर्धा गाल राहिलाय ना त्याचा."

"राहू दे. तो पळून जात न्हाई, हिचं शिक्षण जाईल."

पोपटनं पाणी दिलं. पुढं गिरणीवर तसंच, रसवंतीवर तसंच. त्यानंतर ती बापूसाहेब वकिलांच्या पाटीपाशी थांबली. वकीलसाहेब बाहेर आले.

"माझ्या पाटीचा आणि पाण्याचा संबंध काय?"

"तुमच्या पाटीचा न्हाई साहेब. माझ्या सहीचा."

बापूसाहेबांनी त्यावर विचार केला. "म्हणजे पाटी मी विकत घेतली, पण सहीचा कोपरा अजून तुमच्या ताब्यात आहे, असं तुमचं म्हणणं?"

"तसं धरा. पण आधी पाणी द्या."

मग साहेबराव आपल्या जुन्या पाट्यांची आठवण करत गावभर फिरला आणि प्रत्येक मालकाला सांगून आला. पोरगी आली, सहीवर बोट ठेवलं, की पाणी. प्रश्न विचारायचा नाही. आयुष्यात तो इतकं कधी बोलला नव्हता; घरी आला तेव्हा घसा बसलेला. लोकांनी दाराशी जार आणि पेले ठेवले. कडक ऊन होतं. आधी शाळेच्या पोरांनी ओळखलं, मग भाजीवाल्या बायकांनी, मग हमालांनी. सहीवर बोट ठेवायचं, बोलायचं नाही, पाणी मिळतं. एकजण मागून 'जरा पाणी द्या हो' म्हणाला तर त्याला गिरणीवाल्यानं सांगितलं, "बोलू नका. बोट ठेवा." मे महिन्यात मी शिरूरला गेलो, तेव्हा एसटी स्टँडवर बिहारकडचा एक कामगार पेला विसळत होता. त्यानं मला विचारलं, "चाचा, ये साहेब कौन हैं? बड़े पुण्य का काम करते हैं." दोन पक्षांची माणसं साहेबरावाच्या घरी येऊन गेली, नगरपरिषदेला उभा राहणार आहे का ते बघायला. तो काही बोलला नाही, त्यामुळं उभा राहणार असं दोघांनीही धरलं.

एकाच जागी त्याची सही नव्हती. शाळेची पाटी दोन वर्षांपूर्वी फ्लेक्सची झाली होती. "हातातला पत्रा न्या," मॅडम म्हणाल्या. "तेवढा पुरे."

शुक्रवारी आम्ही सगळे शाळेत गेलो. मॅडम मुद्दाम शिरूरला आल्या होत्या. रश्मी कंपनीच्या ड्रेसवर होती. जमलं तर दुपारच्या पाळीला जायचं आणि नाही जमलं तर ओळखपत्र परत करायला जायचं, दोन्हीसाठी ड्रेस तोच. शंकररावांनी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या, आणि टेबलावर झाकलेला पेला.

"हं, दे बाळ तुझी पाटी," ते म्हणाले.

साहेबरावानं पिशवीतून पत्रा काढून ऋतिकाच्या हातात दिला. तिनं बोट ठेवलं आणि झटक्यात पत्रा फेकून दिला. बोट लाल झालं होतं.

"मामा, ओली हाय का काय?" रश्मीनं विचारलं.

साहेबराव जमिनीकडे बघत होता. "सकाळी जरा हात फिरवला. शाळेत न्यायची, तर जुनी कशी न्यायची."

चांगुणाबाई हळूच काहीतरी म्हणाल्या. ते मी लिहीत नाही.

ऋतिका बोट फ्रॉकला पुसत राहिली, पत्र्याकडे परत बघेना. रश्मीनं तो पुसून पुढं केला तर ती लांब सरकली. अर्धा तास गेला. हवा बंद होती. शंकरराव दोनदा घड्याळाकडे बघून परत पेल्याकडे बघत. "आपण अजून थोडं बसू," ते म्हणाले, पण ते समजुतीचं बोलणं होतं. रश्मीनं पर्समधून ओळखपत्र काढून हातात घेतलं.

तेवढ्यात ऋतिका उठली आणि भिंतीच्या कडेकडेनं निघाली. व्हरांड्याच्या टोकाला भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा रंगवलेला आहे. रंग उडालेला, विदर्भात पोपडे धरलेले. ती त्याच्यासमोर थांबली. मग डावीकडे सरकत सरकत गेली आणि रत्नागिरीच्या पलीकडे, समुद्रात, बोट ठेवलं.

शंकरराव उठून तिच्यामागं गेले. तिनं एक बोट तिथंच ठेवलं आणि दुसऱ्या हातानं, न बघता, जवळ आलेल्या शंकररावांचं मनगट धरून भिंतीकडे ओढलं.

शंकररावांनी वाकून वाचलं. "अरबी समुद्र," ते म्हणाले. मग तिच्या बोटाकडे बघून, "पाणी."

ते टेबलापाशी गेले, पेला घेऊन आले आणि तिला दिला. ती सगळं प्यायली.

"पंचवीस वर्षं भूगोल शिकवतोय," शंकरराव म्हणाले. "पाणी पाहिजे म्हणून समुद्र दावणारं पोर आज बघितलं."

मी साहेबरावाच्या दंडाला हात लावला. पण तो उठलाच.

"गुरुजी, तिनं समुद्र न्हाई दावला. तिथं माझी सही हाय. हा नकाशा मी काढलाय. सम्राट तवा दुसरीत व्हता."

शंकररावांनी चष्मा पुढं-मागं करून पाहिलं. बोटाखालच्या जागेवर चुन्याचे दोन हात बसलेले, खालून मिरचीच्या शेपटीएवढी एक रेघ दिसत होती. "मला तर समुद्रच दिसतोय," ते म्हणाले.

"सहीच हाय ती."

"आसू दे की. काढलाय मात्र बेस."

"गुरुजी," मॅडम मध्ये म्हणाल्या, "तुम्ही तिला परके. तिनं तुमच्याकडं पाणी मागितलं, आणि तुम्हाला कळलं. एवढंच ठरलं होतं ना?"

"कळलं की. न कळायला काय झालं?" शंकररावांनी रजिस्टर मागवलं आणि उभ्याउभ्याच नाव लिहून घेतलं.

रश्मीनं ओळखपत्र गळ्यात घातलं. एकदा पोरीच्या केसांवरून हात फिरवला, तोही तिला नको असतो म्हणून लगेच काढून घेतला. "मामा, मी निघते. गाडी चौकात येईल आता," ती म्हणाली, आणि फाटकापर्यंत चालत गेली, तिथून पुढं पळत.

ऋतिकानं समुद्रावर परत बोट ठेवलं होतं. शंकररावांनी आनंदानं दुसरा पेला भरून आणला. तिनं तोही संपवला आणि बोट पुन्हा तिथंच. ते तिसरा आणायला निघाले, तेव्हा चांगुणाबाईंनी पदर खोचला.

"गुरुजी, पाणी पुरं झालं," त्या म्हणाल्या. "संडास कुठं हाय ते सांगा आधी. त्याची पाटी आमच्या ह्यांनी अजून केलेली न्हाई."